बत्तिसाव्या पानानंतर

“एक तर हे गठ्ठे या घरातून जातील, नाही तर...” एवढे बोलून धाकटा थांबला, कारण ‘नाही तर’च्या पुढे काय, हे त्याने ठरवलेलेच नव्हते!

त्या संध्याकाळी बैठकीच्या खोलीत माणसांना उभे राहायला जागा नव्हती. सोळा गठ्ठे, एकेका गठ्ठ्यात पन्नास पुस्तके... ते खुर्चीवर होते, खुर्चीखाली होते, कपाटाच्या डोक्यावर होते. एक गठ्ठा तर खिडकीत अशा ऐटीत बसला होता, की रस्त्याने जाणाऱ्याला वाटावे, या घरी कुणी दूरचा पाहुणा आला आहे आणि जायचे नाव काढत नाही. त्या गठ्ठ्यांच्या मधोमध अक्का उभी होती. बावन्न वर्षांची, किरकोळ अंगाची, बोटांवर खळीचे वाळलेले कण. समोर तिचा धाकटा भाऊ. वय चव्वेचाळीस, पोट त्याच्याही थोडे पुढे. अक्का त्याला अजून ‘बाळ’ म्हणे. दोघे एकाच बाइंडिंगखान्यात कामाला होते, आणि तीन महिन्यांपूर्वी तो सुपरवायझर झाल्यापासून फाटकाच्या आत ‘साहेब’ आणि फाटकाबाहेर ‘बाळ’ असे ठरले होते. एकदा ऐन फाटकातच गाठ पडल्यामुळे ती ‘बाळसाहेब’ म्हणून मोकळी झाली होती.

“नाही तर काय, बाळ?” तिने शांतपणे विचारले.

“नाही तर... अक्का, तू मला शब्दांत पकडू नकोस!”

भावजय स्वयंपाकघराच्या दारात डोळ्यांना पदर लावून उभी होती. रडताना तिचे बोलणे थांबत नसे. दोन्ही कामे एकदमच उरकायची तिला सवय होती. “मी बोलले तर मी वाईट! पण गल्लीत तोंड दाखवायची सोय ठेवली नाहीत, अक्का. सदतीस वर्षं काम केलंत आणि शेवटी काय केलंत, तर राजपुत्राच्या गोष्टीत शेळ्या घातल्यात! नोकरी गेली ती गेली, आता त्या शेळ्या माझ्या बैठकीत!”

अक्काच्या अंतःकरणात त्या क्षणी एक वाक्य उभे राहिले. फक्त पाच शब्दांचे... ‘चूक माझी नव्हती, तुझी होती.’ ते वाक्य ओठांपर्यंत आले, तिथे जरासे घुटमळले, आणि समोर उभ्या असलेल्या त्या पोटवाल्या, घामाघूम, डोळे चुकवणाऱ्या माणसाच्या जागी तिला सात वर्षांचा एक मुलगा दिसला, आईच्या अंथरुणाशेजारी बसून “ही उठत का नाही?” असे विचारणारा! तिने ते वाक्य परत गिळले. अक्काने आयुष्यात बऱ्याच गोष्टी गिळल्या होत्या, त्या मानाने पाच शब्द म्हणजे काहीच नव्हते.

आई गेली तेव्हा अक्का पंधरा वर्षांची होती. नववीचे दप्तर खुंटीला लावून ती बाइंडिंगखान्यात गेली, ती गेलीच. पुढे तिला एक स्थळ आले. माणूस चांगला होता, थांबायलाही तयार होता. “धाकट्याची शाळा होऊ दे,” अक्का म्हणाली. मग कॉलेज होऊ दे म्हणाली. मग त्याची नोकरी, मग त्याचे लग्न... आणि सगळे पार पडून अक्काने मागे वळून पाहिले, तेव्हा ते स्थळ आजोबा झाले होते.

बाइंडिंगखान्यात तिचे काम होते फॉर्म लावण्याचे. छापखान्यातून कागद येतो तो चादरीएवढा. त्याची घडी घातली की सोळा पानांचा एक फॉर्म होतो, आणि असे पाच फॉर्म ओळीने लागले की ऐंशी पानांचे पुस्तक. लांबलचक टेबलावर फॉर्मचे पाच ढीग मांडायचे आणि बायकांनी टेबलाभोवती चालत एकेका ढिगातला एकेक उचलत जायचे. दिवसभर चालायचे आणि कुठेच पोहोचायचे नाही, असे ते काम. फॉर्म बरोबर लागले की नाही, हे कळावे म्हणून प्रत्येकाच्या पाठीवर एक काळी खूण छापलेली असते. पहिल्याची सगळ्यात वर, दुसऱ्याची जरा खाली, तिसऱ्याची त्याहून खाली. पाचही नीट लागले की पुस्तकाच्या कण्यावर काळा जिना उतरत जातो. जिना मोडला तर चूक. न मोडला तर शिलाईला पाठवा! बाइंडिंगखान्यात पुस्तक वाचायचे नसते, जिना बघायचा असतो.

अक्का मात्र वाचायची. चालता चालता, एका फेरीला चार ओळी या हिशोबाने, सदतीस वर्षे. त्यामुळे तिला हृदयाचे विकार माहीत होते, ग्रहांचे भ्रमण माहीत होते, भाडेकराराचा कायदा माहीत होता, पण सगळे सोळा सोळा पानांच्या तुकड्यांत.

बाइंडिंगखान्याच्या मागे एक वस्ती होती. पत्र्याची घरे, मधून वाहणारा नाला, आणि टोकाला एक शाळा. शाळेत पुस्तकांचे कपाट होते, कपाटाला कुलूप होते, आणि किल्ली मुख्याध्यापकांबरोबर बदली होऊन निघून गेली होती. रोज सुटताना अक्काला कुंपणाच्या भिंतीवर बसलेली पोरे दिसत. एक दिवस त्यांतली एक दहा वर्षांची मुलगी औषधाचे रिकामे खोके हातात धरून बाकीच्यांना वाचून दाखवत होती... “दिवसातून तीन वेळा. जेवणानंतर. लहान मुलांपासून दूर ठेवावे.” आणि लहान मुले तिच्या अगदी जवळ बसून, श्वास रोखून, पुढे काय होते म्हणून ऐकत होती!

ते दृश्य अक्काच्या हृदयात जे रुतले, ते निघेना. जी पोरे खोके एवढे जीव लावून ऐकतात, त्यांना गोष्ट मिळाली तर काय होईल? या एका प्रश्नाने तिची झोप उडाली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिला स्वतःसाठी काहीतरी हवेसे वाटू लागले.

मग तो दिवस आला. एकाच वेळी दोन कामे टेबलांवर चढली. एक, राजपुत्राची गोष्ट. दुसरे, शेळीपालन मार्गदर्शक. आकार एक, कागद एक, पाने ऐंशीच. ढीग मांडले ते नव्या सुपरवायझरने, स्वतः उभे राहून, आणि तिसऱ्या ढिगाशी त्याच्या हातून दोन्हीकडे अदलाबदल झाली. जिना? जिना अगदी झकास उतरत होता! शेळीचा तिसरा आणि राजपुत्राचा तिसरा, दोघांची खूण एकाच उंचीवर.

पहिल्याच फेरीत अक्का थबकली. बत्तिसावे पान संपत होते ते असे : ‘गुहेच्या काळोखात दोन डोळे चमकले. ते डोळे’ आणि तेहतिसाव्या पानावर होते : ‘स्वच्छ, पाणीदार व चकचकीत असावेत. नाक वाहत असल्यास असे जनावर विकत घेऊ नये.’

“साहेब, तिसरा ढीग चुकलाय.”

“जिना बघ, अक्का.”

“जिना बरोबर आहे.”

“मग चाला.”

“जिना बरोबर आहे, पण राजपुत्र शेळी घ्यायला निघालाय.”

टेबलाभोवतीच्या बायका फिस्सकन हसल्या, आणि तिथेच घात झाला! त्या हसल्या नसत्या तर त्याने वाकून पान बघितले असते. पण सुपरवायझरीला तीन महिनेसुद्धा पूर्ण झाले नव्हते, आणि तीन महिन्यांच्या आतल्या साहेबाला वाकता येत नाही. “तुम्हाला इथं वाचायला ठेवलेलं नाही!” तो कडाडला. अक्काने दुपारी पुन्हा सांगितले. त्याने पुन्हा जिना दाखवला. चार बायकांदेखत तिसऱ्यांदा सांगून त्याची मान खाली घालायला लावणे तिच्याने होईना... आणि ती चालत राहिली. आठशे पुस्तके शिवली गेली, कापली गेली, गेली आणि आठच दिवसांत परत आली.

मालकांनी सगळ्यांना टेबलाशी उभे केले. “हे कुणाचं काम?”

धाकटा जमिनीकडे बघत होता. तिथे काही बारीक अक्षरांत छापले असावे, अशा एकाग्रतेने! अक्काला त्याच्या कानशिलावरून ओघळणारा घाम दिसला. तिला वाटले, आता बोलेल... आता बोलेल... आणि तो बोलत नाही हे कळल्यावर ती एक पाऊल पुढे झाली.

“माझ्याकडून झालं.”

“सदतीस वर्षं काम केलेल्या बाईकडून?”

“सदतीस वर्षं झाली म्हणूनच, मालक. डोळे थकले.”

“उद्यापासून येऊ नका,” मालक म्हणाले. “आणि हे सगळं लगद्याला पाठवा.”

“मालक,” अक्काचा आवाज कधी नव्हे तो चढला, “इतक्या वर्षांत मी काही मागितलं नाही. हे गठ्ठे मला द्या.”

“या घोळाचं करणार काय तुम्ही?”

“वाचायला देणार पोरांना.”

मालक चाळीस वर्षे पुस्तके तयार करत होते, पण पुस्तकाचा असाही उपयोग करतात, हे जणू त्यांच्या पहिल्यांदाच कानावर पडत होते. “न्या,” ते म्हणाले.

तर असे ते गठ्ठे बैठकीत आले होते. आणि धाकट्याला ते का नको होते, हे अक्काला पुरते ठाऊक होते. आठशे पुस्तके नव्हती ती, आठशे साक्षीदार होते! जेवताना, झोपताना, बूट घालताना ते त्याच्याकडे बघणार होते.

“सांग की, बाळ. नाही तर काय?” ती पुन्हा म्हणाली. आणि मग तिनेच त्याचे वाक्य पुरे केले, लहानपणी त्याचा गृहपाठ पुरा करायची तसे. “नाही तर मी जाईन, असंच ना? ठीक आहे. गठ्ठे जातात, आणि त्यांच्याबरोबर मीही जाते. तुला वेगवेगळं सांगायचा त्रास नको.”

भावजयीचे रडणे मधेच तुटले. “अहो अक्का... मी गठ्ठे म्हटलं होतं. तुम्ही नाही!”

“अगं, आम्ही एकाच दिवशी कामावरून निघालो. आता एकमेकांना सोडून कसं चालेल?”

आणि ती गेली. धाकटा दारात उभा राहिला.

वस्तीच्या तोंडाशी एक पंपघर होते. पंप कधीच काढून नेला होता, घर तेवढे राहिले होते. तिथे चहावाला आपली रिकामी खोकी ठेवी. अक्काने गठ्ठ्यांसकट तिथेच मुक्काम करायचे ठरवले. जागा मोकळी करून घेतली ती औषधाचे खोके वाचणाऱ्या त्या मुलीने. तिला सगळे ‘वकील’ म्हणत, कारण ती आईने हाक मारली तरी आधी कारण विचारी. “पंपघर पंपाचं आहे, खोक्यांचं नाही,” तिने चहावाल्याला ऐकवले. “मग पुस्तकांचं कसं काय?” चहावाल्याने विचारले. “खोकी वाचता येतात का?” या उलटतपासणीपुढे त्याने खोकी उचलली. ती स्वतः खोकीच वाचत असे, हे तिने त्याला सांगितले नाही.

पण पुस्तके मांडून झाल्यावर तिने मोर्चा अक्काकडे वळवला.

“शाळेची आहेत?”

“नाही.”

“परीक्षा आहे यांच्यावर?”

“नाही.”

“मग वाचायची कशाला?”

पंधरा-वीस पोरे उत्तराची वाट बघत होती. सगळ्यात पुढे ‘मुंगी’ होती, वय वर्षे पाच, नाकाला शेंबूड, कडेवर स्वतःपेक्षा थोडासाच लहान भाऊ. अक्काने राजपुत्राचे पुस्तक उघडले आणि वाचायला सुरुवात केली. राजपुत्र घरातून निघाला, जंगलात शिरला, घोडा मेला, गुहा आली... पोरे सरकत सरकत पुढे आली. “...‘गुहेच्या काळोखात दोन डोळे चमकले. ते डोळे’...” आणि अक्काने पुस्तक मिटले!

“पुढं?” सगळी एकदम ओरडली.

“पुढं तुम्ही वाचा. माझे डोळे थकलेत. तसं मालकांना सांगितलंय मी.”

वकिलीणबाईंनी पुस्तक हिसकावले. अक्षर अक्षर लावत, ठेचकाळत ती वाचू लागली. “स्व...च्छ... पाणी...दार... व चक...चकीत असावेत. नाक... वाहत असल्यास...” सगळ्यांनी मुंगीकडे बघितले. “...असे जनावर विकत घेऊ नये.”

मग पंपघरात जो हशा फुटला, तो ऐकून चहावाला धावत आला.

“हे कुणी केलं?” वकिलीने डोळे पुसत विचारले.

“माझ्याकडून झालं,” अक्का म्हणाली. आणि गंमत अशी, की मालकांसमोर जे वाक्य उच्चारताना तिचे काळीज चिरत गेले होते, त्याच वाक्यावर इथे पोरे तिच्याकडे डोळे विस्फारून बघू लागली.

“मग खरं पुढचं कुठाय?”

“दुसऱ्या पुस्तकात. शेळ्यांच्या. शोधा.”

बस्स! त्या दिवसापासून वस्तीला जे वेड लागले, त्याला तोड नव्हती. एकाच्या घरी राजपुत्र, तर दुसऱ्याच्या घरी त्याची सोळा पाने. डोळे कुणाचे, हे कळायला शेळ्यांचे पुस्तक गाठावे लागे, आणि ते उघडले की ‘शेळी विकत घेताना तिचे डोळे’ इथून थेट समोरच्या पानावर ‘त्याच्यावर रोखलेले होते! राजपुत्राने तलवार उपसली आणि गर्जना केली, कोण आहेस तू? समोर ये!’ ज्यांना अक्षरे येत नव्हती, ती येणाऱ्यांच्या मागे लागली. येणाऱ्यांनी भाव खाल्ला. भाव सहन न होऊन बाकीच्यांनी अक्षरे शिकून घेतली. पंधराची पंचवीस झाली, पंचविसाची चाळीस. वकिलीच्या आईने राजपुत्राच्या गोष्टीवरून शेळी विकत घेतली, आणि ती चांगली निघाली! अक्काने नियम फक्त एकच केला होता. पुस्तक पंपघरातून न्यायचे, तर एक पान उभे राहून मोठ्याने वाचायचे. मग खुशाल न्या.

महिन्याभराने भावजय डबा घेऊन आली. “शेजारच्या बायका नावं ठेवतात, म्हणून आणलाय,” ती दारातूनच म्हणाली. दुसऱ्या दिवशीही आली. तिसऱ्या दिवशी बसली. “मी काही ऐकत नाहीये हं, डबा रिकामा व्हायची वाट बघतेय,” असे म्हणत ती रोज बसू लागली, आणि अक्काचे जेवण उरकून तास झाला तरी तिचा डबा काही रिकामा होईना. अक्का तिच्याकडे बघून मनातल्या मनात म्हणे, हिला एक दिवस सांगावे का?... आणि मन लगेच उत्तर देई, नको. ज्याच्याबरोबर हिला जन्म काढायचा, त्याला हिच्या नजरेतून कशाला उतरवू?

पण वस्तीतल्या हशाला पाय फुटले. ‘शेळीवाला राजपुत्र’ आहे का, म्हणून लोक बाइंडिंगखान्याच्या फाटकाशी विचारायला येऊ लागले! चाळीस वर्षांची अब्रू धुळीला मिळाली, असे मालकांना वाटले. त्यांनी सुपरवायझरला बोलावून सांगितले, “तुमच्याच बहिणीचा उद्योग ना हा? रविवारी गाडी घेऊन जा. एकूण एक पुस्तक गोळा करा आणि लगद्याला घाला.”

रविवारी सकाळी दहा वाजता पंपघरासमोर हातगाडी उभी राहिली. गाडीवाला पुढे, मागे धाकटा.

आत चाळीस पोरे बसली होती. कोपऱ्यात डबा मांडीवर घेऊन भावजय. नवऱ्याला बघून ती अर्धवट उठली.

“अक्का,” तो उंबऱ्यावरूनच म्हणाला, तिच्या डोळ्यांकडे न बघता, “पुस्तकं परत न्यायला आलोय. मालकांचा हुकूम आहे. आता... आता तू काही बोलू नकोस.”

नोकरी गेली तेव्हा अक्का रडली नव्हती, घर सुटले तेव्हा रडली नव्हती. पण या चाळीस तोंडांपुढचा घास काढायला हाच यावा! ती काही बोलणार, इतक्यात वकील उठून उभी राहिली.

“काका, पुस्तक न्यायचंय?”

“सगळी न्यायचीत.”

“मग एक पान वाचायला लागतं. उभं राहून. मोठ्यानं.”

“अगं ए, बाजूला हो!”

“नियम आहे. तुमच्यासाठी वेगळा नाही. मुंगीनंसुद्धा वाचलंय.”

“मी ‘अ’ वाचला होता,” मुंगीने प्रामाणिकपणे सांगितले.

बाहेरून गाडीवाल्याने हाक दिली, “वाचा की हो साहेब, एक पान तर आहे! ऊन चढतंय.”

धाकट्याने चिडून हातात दिलेले पुस्तक उघडले. वकिलीने पान काढूनच दिले होते. तो भराभर, सरकारी सूचना वाचावी तसा वाचू लागला. “राजपुत्र गुहेत शिरला. गुहेच्या काळोखात दोन डोळे चमकले. ते डोळे...” त्याची नजर समोरच्या पानावर गेली. आणि त्याचा आवाज थांबला.

दोन महिने त्याने ते पान टाळले होते. त्या दिवशी टेबलाशी वाकून बघितले नव्हते, मालकांसमोर बघितले नव्हते, बैठकीत पायाखाली आले तरी बघितले नव्हते. आता चाळीस पोरे त्याच्या तोंडाकडे बघत होती, आणि प्रत्येकाला ते पान तोंडपाठ होते, तरी प्रत्येकजण ऐकायला थांबला होता.

“स्वच्छ,” मुंगीने हळूच सुचवले. तिला वाटले, काकांना अक्षर लागत नाही.

“स्वच्छ...” तो म्हणाला. “पाणीदार... व...” आणि त्याचा हुंदका फुटला! एवढा मोठा माणूस, पुस्तक छातीशी धरून, पंपघराच्या मधोमध उभा राहून ढसाढसा रडू लागला. “माझी चूक होती ही! अक्कानं मला सांगितलं होतं... दोनदा सांगितलं होतं! मी बघितलं नाही. आणि मालकांनी विचारलं तेव्हा... तेव्हा मी गप्प बसलो. ती माझ्यासाठी पुढं झाली, आणि मी गप्प बसलो!”

भावजयीच्या मांडीवरचा डबा खणकन खाली पडला. पण तिच्या तोंडून शब्द फुटायच्या आत वकिलीचे तोंड उघडले होते.

“म्हणजे हे तुम्ही केलंत?” तिच्या चेहऱ्यावर भक्तिभाव उमटला होता. “खरंच तुम्ही? काका, अजून एक करा ना!”

“हो, हो! आता वाघाचं करा!” पोरांनी एकच गलका केला. कुणी टाळ्या वाजवल्या. धाकटा ओल्या डोळ्यांनी खुळ्यासारखा बघत राहिला. शिक्षा घ्यायला उभ्या राहिलेल्या माणसाला कुणी हार घालावा, तशी त्याची गत झाली होती. आणि वकील कमरेवर हात ठेवून अक्काकडे वळली. “अक्का, तू खोटं बोललीस! एवढं भारी काम दुसऱ्याचं, आणि स्वतःच्या नावावर खपवलंस?”

“खपवलं खरं,” अक्का म्हणाली. तिचेही डोळे भरून आले होते. “चुकलंच माझं.”

भावजय पुढे आली. या वेळी मात्र तिला रडता रडता बोलता येत नव्हते. “अक्का... मी तुम्हाला काय काय बोलले... आणि तुम्ही मला एका शब्दानंही सांगितलं नाहीत?”

“तुझा नवरा आहे तो. तुझ्यापुढं त्याची मान खाली गेलेली मला बघवली नसती.”

“आणि तुमची गेलेली मी बघत होते, त्याचं काय?” असे म्हणून तिने अक्काच्या खांद्यावर डोके टेकले, आणि इतक्या वर्षांचे तुझे-माझे त्या एका क्षणात वाहून गेले!

“ओ साहेब,” दारात गाडीवाला डोकावला, “गाडी भरायची का नाही?”

“नाही!” धाकटा नाक पुसत म्हणाला. “मालकांनी ही पुस्तकं अक्काला दिलीत. दिलेलं परत मागता येत नाही, हे मीच आत्ता जाऊन सांगतो. आणि चूक कुणाची, तेही सांगतो. ठेवलं तर ठेवलं, काढलं तर काढलं. टेबलाभोवती चालायला लावलं तर चालेन.” मग तो अक्कापुढे गुडघे टेकून बसला. “अक्का, घरी चल. माझं चुकलं... माफ करशील?”

अक्काने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. किती मायेने, आणि तरी किती ठामपणे! “घरी जेवायला येईन. मुक्काम इथंच. मी इथं आहे तोवर या दाराला कुलूप लागणार नाही.”

“आणि माफी?”

“ते नंतर बघू. तू पान अर्धं सोडलंयस. पोरं थांबलीत, आधी ते पुरं कर.”

तो उठला. त्याने डोळे पुसले, पुस्तक उघडले, आणि पुन्हा उभे राहून वाचू लागला. गाडीवाला गाडी तशीच सोडून आत येऊन बसला. “नाक वाहत असल्यास असे जनावर... विकत घेऊ नये. शेळीचा गोठा... कोरडा ठेवावा. थंडीच्या दिवसांत तिला... ऊब मिळेल असे पाहावे. आजारी शेळीला... कळपातून वेगळे काढले तरी... तिला एकटे...” इथे त्याचा आवाज पार फुटला, आणि आसवे टपटप पानावर पडू लागली. पोरे गंभीर झाली. गोठ्याच्या निगेवर एवढा रडणारा माणूस त्यांनी कधी पाहिला नव्हता. म्हणजे पुढे काहीतरी भयंकर असणार!

मुंगीने अक्काचा पदर ओढला. “अक्का,” तिने घाबरून विचारले, “शेळी मेली?”

“नाही गं,” अक्का म्हणाली. “जगली. पुढं वाच, बाळ.”